मधुमेह, उदास मन आणि पोहणे: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्या ताईंचे वय 51 असून मधुमेहाला नऊ वर्षे झाली आहेत. सकाळी ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम आणि दोन वेळा मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळ्या चालू आहेत, आणि मागच्या तपासणीत एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 8.2 आले. गेले सात-आठ महिने कशातच मन लागत नाही, घरी शिकवणीला येणाऱ्या मुलांवर विनाकारण चिडायला होते, रात्री झोप मोडते. गुडघे दुखू लागल्यापासून चालणे सुटले. लहानपणी सांगलीला कृष्णेच्या घाटावर त्या पोहायला शिकल्या होत्या. मुलगी म्हणते, महापालिकेच्या तलावावर दुपारी साडेतीनची महिलांची बॅच लाव, मन प्रसन्न होईल. दीर म्हणतात, पाण्यात असताना साखर उतरली तर जिवावर बेतेल. पोहण्याने मधुमेही माणसाचा मूड खरेच सुधारतो का आणि आपण जावे का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, जरूर जा, पण उद्याच नको. काही तपासण्या आणि गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी एक बोलणे, एवढे उरकून जा. तुमच्या मुलीचे म्हणणे खरे आहे आणि दिरांची काळजीही रास्त आहे. गेली सव्वीस वर्षे मी मधुमेहाचे रुग्ण तपासतो आहे. या काळात पोहण्यामुळे माणूस पुन्हा हसता-बोलता झालेला मी पाहिला आहे आणि पाण्यात साखर उतरून बुडता बुडता वाचलेलाही पाहिला आहे. या दोन्ही गोष्टी नीट समजण्यासाठी आधी ‘मूड’ या शब्दाची फोड करावी लागेल, कारण मधुमेही माणूस ‘मूड नाही’ म्हणतो तेव्हा त्यामागे तीन निरनिराळ्या अवस्था असू शकतात आणि पोहण्याचा प्रत्येकीवर होणारा परिणाम वेगळा असतो.

पहिली अवस्था थेट रक्तातल्या साखरेची आहे. साखर फार चढली की अंग जड होते, उत्साह मावळतो, मन खिन्न होते. एडिंबरा येथील संशोधकांनी 2004 मध्ये टाइप 2 मधुमेहाच्या 20 रुग्णांची साखर एकदा निरोगी माणसाइतक्या पातळीवर आणि एकदा सुमारे 300 पर्यंत नेऊन ठेवली, तेव्हा चढलेल्या साखरेत त्यांचा उत्साह कमी झालेला आणि उदासी व बेचैनी वाढलेली आढळली. तुमचे एचबीए1सी 8.2 आहे, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली साखर सरासरी 190 च्या आसपास होती. सरासरी म्हटली की तिच्या पोटात चढउतार लपलेले असतात. दुपारच्या जेवणानंतर ती अडीचशेपलीकडे जात असणार आणि कधी सकाळी अकरा-साडेअकराला खालीही येत असणार. संध्याकाळी मुलांवर जे चिडायला होते त्यातला काही भाग स्वभावाचा नसून साखरेचा असण्याची चांगलीच शक्यता आहे. पुढच्या वेळी चीड आली की लगेच ग्लुकोमीटरवर साखर पाहा आणि आकडा लिहून ठेवा. असे आठ-दहा आकडे जमले की तुमच्या डॉक्टरांना त्यातून बरेच कळेल.

या अवस्थेवर पोहण्याचा परिणाम सर्वांत सरळ होतो. एरवी रक्तातली साखर स्नायूंच्या पेशींत शिरण्यासाठी इन्सुलिन लागते आणि टाइप 2 मधुमेहात पेशी त्या इन्सुलिनला दाद देत नाहीत. स्नायू आकुंचन पावू लागला की साखर आत नेणारी प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढली जाते. व्यायाम थांबल्यावरही पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पेशी इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. मधुमेहात सलग दोन दिवसांहून अधिक खाडा करू नये असे जे सांगितले जाते, त्याचे कारण हे आहे. पोहण्यात हात, खांदे, पाठ, पोट, मांड्या असे सगळे मोठे स्नायू एकदम कामाला लागतात, म्हणून साखर भराभर वापरली जाते. साखरेचे हेलकावे कमी झाले की मनाचेही कमी होतात, आणि हा फरक पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जाणवू लागतो.

दुसरी अवस्था म्हणजे आजाराचा वीट. मोजायचे, टोचायचे, पथ्य पाळायचे, आणि एवढे करून रिपोर्टात आकडा वाढलेलाच. लग्नाच्या पंगतीत ताटात जिलबी पडली की चार माणसे आपल्या ताटाकडे बघतात. हे वर्षानुवर्षे चालले की माणूस आतून थकतो. यालाच मधुमेहाचा ताण म्हणतात आणि तो मोजताही येतो; बॉस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रातील संशोधकांनी 1995 मध्ये वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरात आहे. हा ताण म्हणजे मानसिक आजार नव्हे आणि त्यावर नैराश्याच्या गोळ्या देऊन फारसे साधत नाही.

या ताणावर तलाव ज्या तऱ्हेने काम करतो ती मला मनापासून महत्त्वाची वाटते, जरी ती कोणत्याही रिपोर्टात दिसत नसली. पाण्यात असताना मोबाइल जवळ नसतो, कोणी ‘आज काय खाल्लं’ म्हणून विचारत नाही, आणि श्वास कधी घ्यायचा व कधी सोडायचा याकडेच लक्ष द्यावे लागत असल्याने मनाला दुसरीकडे भरकटायला सवड मिळत नाही. नऊ वर्षे आपले शरीर म्हणजे एक बिघडलेले यंत्र, अशी ज्यांची समजूत होऊन बसली आहे, त्यांना त्याच शरीराने तलावाची एक पूर्ण लांबी पार केली याचे किती अप्रूप वाटते हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. माझ्या एक रुग्ण तपासणीला आल्या की नेहमी खुर्चीत बसताच ‘डॉक्टर, या वेळी रागावू नका’ म्हणून सुरुवात करत असत. पोहायला लागून दोन महिने झाल्यावर त्या आल्या आणि फाइल टेबलावर ठेवण्याआधी म्हणाल्या, ‘काल न थांबता तीन लांब्या झाल्या.’ त्यांचे एचबीए1सी तेव्हा फक्त 0.4 ने उतरले होते. पण आपल्या तब्येतीबद्दल त्या स्वतःहून आनंदाने बोलल्या, असे माझ्यासमोर पहिल्यांदाच घडत होते.

तिसरी अवस्था म्हणजे खरेखुरे नैराश्य, आणि ताई, तुमच्या बाबतीत मला हिचीच जास्त काळजी वाटते. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण मधुमेह नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट आढळते. ते ओळखण्यासाठी आम्ही पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतो. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, खिन्न वाटले का, झोप, भूक आणि थकवा कसा होता, एकाग्रता होत होती का, आपण कुचकामी आहोत असे वाटले का, असे ते साधे प्रश्न आहेत. 27 पैकी 10 किंवा त्याहून अधिक गुण आले तर पुढची तपासणी करावी लागते. तुम्ही सात-आठ महिने म्हणता. इतका काळ केवळ ‘मूड’ बिघडलेला राहत नाही. ही प्रश्नावली तुमच्या डॉक्टरांकडून पहिल्या भेटीतच भरून घ्या आणि तो आकडा जपून ठेवा. जगून काय करायचे, असा विचार एकदाही मनात येऊन गेला असेल तर मात्र तलाव, तपासण्या सगळे बाजूला ठेवून आजच घरच्यांना सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा; केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोन सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

त्याच वेळी तीन साध्या रक्ततपासण्या करून घ्या: बी12 जीवनसत्त्व, थायरॉइडची टीएसएच आणि हिमोग्लोबिन. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरात बी12 शोषले जाण्याचे प्रमाण घटते आणि ते कमी पडले की थकवा, उदासी, विसरभोळेपणा आणि पायांना मुंग्या अशा तक्रारी सुरू होतात. शाकाहारी घरांत ही कमतरता मला जवळजवळ रोज भेटते. थायरॉइड मंदावला तरी चित्र असेच दिसते. शिवाय 51 हे वय पाळी जाण्याच्या आसपासचे आहे, तेव्हा झोप मोडणे आणि चिडचिड यांत त्याचाही वाटा असू शकतो. बी12 तळाला गेलेल्या माणसाला ‘पोहा म्हणजे बरे वाटेल’ एवढेच सांगून पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, म्हणून तपासण्यांचा हा आग्रह.

आता व्यायामाने नैराश्य कमी होते याला आधार काय ते पाहू. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात 1999 मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या, नैराश्याचे निदान झालेल्या 156 जणांचे तीन गट केले गेले. एकाने व्यायाम केला, दुसऱ्याने सर्ट्रालीन हे नैराश्यावरचे औषध घेतले, तिसऱ्याने दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली, मात्र औषधाचा गुण लवकर आला. पुढे 2013 मध्ये, वैद्यकीय प्रयोगांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात 39 प्रयोग आणि 2326 माणसे यांचा एकत्रित विचार झाला. व्यायामाचा मध्यम प्रमाणात फायदा दिसला, पण सर्वांत काटेकोर प्रयोग तेवढे निवडल्यावर तो बराच कमी भरला. ही माणसे मधुमेही म्हणून निवडलेली नव्हती आणि बहुतेक प्रयोग चालण्या-पळण्याचे होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. मधुमेहींमध्ये पाण्यातल्या व्यायामाचे जे अभ्यास झाले ते संख्येने थोडे आणि आकाराने लहान आहेत. त्यांच्या 2017 मधील एकत्रित विश्लेषणात असे दिसले की काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा पाण्यात व्यायाम करणाऱ्यांचे एचबीए1सी खाली येते आणि जमिनीवरच्या व्यायामाइतकेच येते. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथे टाइप 2 मधुमेहींच्या एका गटाला बारा आठवडे खोल पाण्यात आणि दुसऱ्याला जमिनीवर व्यायाम दिला, तेव्हा दोन्ही गटांचे जीवनमान आणि झोप सारख्याच प्रमाणात सुधारली.

म्हणून पाण्यात काही जादू आहे असे मी म्हणणार नाही. ज्याचे गुडघे धड आहेत आणि ज्याला चालायला आवडते त्याने चालावे, त्याला तेवढाच गुण येईल. तुमचे गुडघे दुखतात हा तुमच्यासाठी निर्णायक मुद्दा आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवर शरीराचे सुमारे निम्मेच वजन पडते, छातीइतक्या पाण्यात एक तृतीयांशाच्या आसपास. जो व्यायाम करताना दुखत नाही तो माणूस सोडत नाही, आणि मन सुधारण्यासाठी व्यायाम महिनोन्‌महिने टिकणे हेच सर्वांत महत्त्वाचे असते.

जाता जाता एक सांगतो. ‘पोहण्याने मधुमेहातील नैराश्य दूर होते’ अशा आशयाचे मजकूर फिरत असतात आणि त्यांचा आधार पाहावा तर तो मधुमेही केलेल्या उंदरांचा निघतो. औषधशास्त्रात 1977 पासून उंदराला पाण्याच्या भांड्यात सोडून तो किती वेळ धडपडतो हे मोजण्याची एक चाचणी आहे. तिथे पोहणे हा व्यायाम नसतो, उलट तो ताण असतो. सुटकेची वाट नसलेल्या त्या प्राण्याच्या आणि मैत्रिणीबरोबर तलावावर जाणाऱ्या बाईच्या मनःस्थितीची तुलना होऊ शकत नाही.

आता दिरांच्या काळजीकडे वळतो, कारण ती पोकळ नाही. तुम्ही घेता त्यांपैकी मेटफॉर्मिन एकटे असते तर साखर धोकादायकरीत्या उतरण्याची भीती जवळजवळ नसती. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो, आणि त्याचा अंमल दिवसभर राहतो. त्यात पोहण्याची भर पडली की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका याहूनही अधिक असतो.

जमिनीवर साखर उतरली की शरीर ओरडून सांगते: दरदरून घाम फुटतो, हात कापतात, छाती धडधडते, भूक लागते. पाण्यात या खुणांपैकी जवळजवळ प्रत्येक खूण लपून जाते. घाम पाण्यात कळत नाही. कापरे भरले तर वाटते की गारठ्याने भरले. छातीची धडधड दमल्यामुळे वाटते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर धडधड आणि कापरे हे दोन्ही आधीच दबलेले असतात. उरतो तो मेंदूचा गोंधळ, आणि तो ज्याचा त्याला कधीच कळत नाही.

माझे एक रुग्ण, बँकेतून निवृत्त झालेले, दोन वेळा इन्सुलिन घेणारे, उत्तम पोहणारे. एके दिवशी ते नेहमीच्या सरळ रेषेत न जाता तिरपे जाऊ लागले आणि बाजूच्या दोराला पुन्हा पुन्हा अडकू लागले. जीवरक्षकाने हाक मारून बाहेर यायला सांगितले, तर एरवी अतिशय मृदू बोलणारा हा माणूस त्याच्यावर खेकसला: ‘मला काही झालेलं नाही, तू तुझं काम कर.’ त्या मुलाने पाण्यात उडी मारून त्यांना कडेला आणले. साखर 52 होती. तो मुलगा धावला याचे कारण असे की, या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवले होते, ‘मला डायबेटिस आहे. मी विचित्र वागलो किंवा उगाच चिडलो तर माझं ऐकू नकोस, मला बाहेर काढ.’ तुम्हीही पहिल्या दिवशी जीवरक्षकाला आणि बॅचमधल्या एखाद्या बाईला अगदी याच शब्दांत सांगून ठेवा. मूडच्या प्रश्नाशीही हे जोडलेले आहे: पाण्यात असताना अचानक चीड आली, रडू आले, लांब्यांची मोजणी चुकू लागली, तर तो मूड नव्हे. तत्क्षणी कडेला या, बाहेर पडा, साखर पाहा.

तुमच्या साडेतीनच्या बॅचचा हिशेब असा मांडावा. दुपारचे जेवण एक-दीडला नेहमीइतके करा, पोहायचे म्हणून कमी खाऊ नका. तीन वाजता आणि पाण्यात उतरण्याच्या अगदी आधी, अशी दोनदा साखर मोजा. एकच आकडा फसवा असतो. 130 वरून 118 झालेले आणि 180 वरून 118 झालेले यांत फार अंतर आहे, दुसरे पाण्यात गेल्यावर आणखी घसरणार. तुमच्यासाठी 120 ते 180 ही उतरण्यायोग्य पातळी मी धरेन. शंभरच्या खाली असेल तर एक छोटे केळे किंवा एक पोळी खा, वीस मिनिटे थांबा, पुन्हा मोजा आणि मगच उतरा. सत्तरच्या खाली असेल तर आधी साखर घ्या आणि त्या दिवशीचे पोहणे रद्द करा. आदल्या चोवीस तासांत दुसऱ्याच्या मदतीची गरज पडावी इतकी साखर उतरली असेल तरीही पाण्यात जाऊ नका. उलट बाजूला 250 च्या वर असून अंग मोडून आल्यासारखे, मळमळल्यासारखे वाटत असेल, किंवा 300 च्या वर असेल, तर त्या दिवशी विश्रांती घेऊन कारण शोधा.

तलावाच्या कडेला, हात लांबवला की मिळेल अशा जागी, झाकणाच्या बाटलीत ग्लुकोज पावडरचे पाणी ठेवा. तीन-चार चमचे पावडर म्हणजे सुमारे 15 ग्रॅम. साखर उतरली तर ते पिऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि आकडा 70 च्या वर आला नसेल तर पुन्हा तेवढेच प्या. चॉकलेट यासाठी कामाचे नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. मोजण्याआधी बोट कोरडे करा, कारण ओल्या बोटावर रक्तात पाणी मिसळून आकडा खोटा कमी येतो, आणि पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावा, तलावाची दमट हवा त्यांना सोसत नाही. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांनी पाण्याखाली त्याचा संदेश फोनपर्यंत पोहोचत नाही हे ध्यानात ठेवावे.

पोहून आल्यावर आणि पहिले तीन आठवडे रात्री झोपण्यापूर्वीही साखर मोजा. व्यायामाचा परिणाम लांबत जाऊन मध्यरात्री साखर उतरू शकते. घाम येऊन जाग येणे, भयंकर स्वप्ने पडणे, सकाळी डोके दुखणे या त्याच्या खुणा आहेत. एखाद्या दिवशी जोरात पोहून आल्यावर साखर उलट वाढलेली दिसली तर दचकू नका. ॲड्रिनॅलिनमुळे यकृत साखर सोडते, ती तासा-दोन तासांत खाली येते. ग्लिमेपिराइडची मात्रा पोहण्याच्या दिवशी कमी करावी का, किंवा त्याऐवजी साखर सहसा जास्त न उतरवणारी ग्लिप्टिन गटातली गोळी चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्वतःच्या मनाने गोळी अर्धी करू नका आणि बंद तर मुळीच करू नका.

पायांबद्दल मी रुग्णांना सर्वांत जास्त वेळा बजावतो. नऊ वर्षांच्या मधुमेहात तळपायांची संवेदना कमी झालेली असू शकते. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या एका बारीक तंतूने, ती दोन मिनिटांत तपासून होते. दुपारी साडेतीनला एप्रिल-मे महिन्यांत तलावाभोवतीच्या फरश्या तापलेल्या असतात. बधिर तळव्याला चटका कळत नाही आणि फोड संध्याकाळी दिसतो. पाण्याच्या काठापर्यंत न घसरणारी रबरी चप्पल घालून जा, तिथेच काढा आणि बाहेर येताच घाला. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात, आणि तळवे आरशात पाहा. लहानशी जखम असली तरी ती पूर्ण भरेपर्यंत पाणी वर्ज्य. कानात काडी घालू नका आणि पोहल्यानंतर कान दोन दिवसांहून अधिक ठणकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, कारण मधुमेहात कानाचा संसर्ग हाडापर्यंत पसरू शकतो.

डोळ्यांची, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर पोहण्याआधी करा. पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवलेल्या असतील तर सूर मारणे, बुडी मारून श्वास रोखून धरणे हे टाळावे लागते. ईसीजी काढून घ्या; मधुमेहात हृदयाचे दुखणे कधी कधी छातीत न दुखताही येते, केवळ नेहमीपेक्षा जास्त धाप लागते. शिवाय गळ्यापर्यंत पाण्यात असताना पाण्याच्या दाबाने पायांकडचे अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकलेले असते आणि झटकन वर आले की ते पुन्हा खाली उतरते, म्हणून चक्कर येऊ शकते. शिडी धरून सावकाश वर या आणि कट्ट्यावर दोन मिनिटे बसा.

तुम्हाला पोहता येते, पण तीस-पस्तीस वर्षांनी पाण्यात उतरताना शरीराला लहानपणचा जोर आठवतो आणि दम मात्र आजचा असतो. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दहा मिनिटे छातीइतक्या पाण्यात चालणे आणि मग अर्ध्या-अर्ध्या लांबीचे पोहणे, एवढेच ठेवा. कडेला थांबल्यावर शेजारणीशी वाक्य पूर्ण बोलता आले पाहिजे, इतकीच धाप चालेल. नंतर दर आठवड्याला प्रत्येक दिवसाची पाच-पाच मिनिटे वाढवत अडीच-तीन महिन्यांत आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत या. नदीत शिकलेल्या मंडळींची मान वर काढून बेडकासारखे पाय मारण्याची सवय असते. त्या पायांच्या वळणाने गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो आणि मानही आखडते. गुडघे सांभाळायचे तर पाय सरळ ठेवून हलके वर-खाली मारा, किंवा पाठीवर पोहा. पोशाखाचा संकोच वाटत असेल तर घोट्यापर्यंतचे आणि पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे पोशाख मिळतात. कपड्यांच्या संकोचापायी पास फुकट घालवलेल्या कितीतरी जणी मला माहीत आहेत, आणि त्याचे मला वाईट वाटते.

एक वही ठेवा. पोहण्याआधीची साखर, नंतरची साखर, आणि रात्री झोपताना त्या दिवशीच्या मनाला शून्य ते दहांत दिलेला एक आकडा. खाडा झालेल्या दिवशीही मनाचा आकडा लिहा. तुलना त्यातूनच होते. पोहल्यावर त्याच दिवशी मोकळे वाटणे आणि नैराश्य उतरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरीला सहा ते बारा आठवडे लागतात. आठ आठवड्यांनी पीएचक्यू-9 पुन्हा भरा. पहिल्यापेक्षा पाच गुणांनी कमी झाले असेल तर खरोखर फरक पडला आहे. दहा किंवा अधिकच राहिले असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे आहे, आणि तेही पोहणे चालू ठेवूनच. औषध किंवा समुपदेशन सुरू होणे म्हणजे पोहणे वाया गेले असा त्याचा अर्थ होत नाही. अंथरुणातून उठवत नाही, तलावाचा विचारही नको वाटतो, अशी आजची अवस्था असेल तर आठ आठवडे थांबूच नका. ज्याला आंघोळ करणेही जड जाते त्याला तलावावर जाण्याचा आग्रह करणे म्हणजे त्याच्या अपराधीपणात भर घालणे आहे. अशा वेळी उपचार आधी आणि तलाव नंतर.

अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनियर याला 1999 मध्ये टाइप 1 मधुमेहाचे निदान झाले. आता पोहण्याची कारकीर्द संपली असे त्याला सुरुवातीला सांगण्यात आले होते. त्याने 2000 मध्ये सिडनीत 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक विभागून आणि 2004 मध्ये अथेन्सला ते एकट्याने जिंकले, तेही दिवसभर साखर मोजत आणि इन्सुलिन घेत. दिरांना हे जरूर सांगा आणि त्यांनाच पहिले काही दिवस तलावाच्या कट्ट्यावर ग्लुकोजच्या पाण्याची बाटली घेऊन बसायला बोलवा. काळजी करणारा माणूस जवळ असलेला बरा.

राहिली गोष्ट कृष्णेची. माहेरी गेल्यावर घाटावर उतरण्याचा मोह होईल आणि तो मी समजू शकतो. पण नदीत ना उथळ बाजू असते ना धरायला कडा, पाण्याची ओढ रोज बदलते, आणि साखर उतरली तर ओळखणारे कोणी नसते. जोवर तुम्ही ग्लिमेपिराइड घेत आहात तोवर नदीत, विहिरीत किंवा समुद्रात एकटीने उतरू नका. घाटावर बसून पाय पाण्यात सोडायलाही माझी हरकत नाही, फक्त आधी तळवे पाहून घ्या आणि उठल्यावर पुन्हा पाहा.